सव्वासहाशे ग्रॅमचं कासव

बजाजनगरात आम्ही ज्यांच्या खोलीत नऊ वर्षं राहिलो, ते घरमालक काका कुणालाच नावानं हाक मारत नसत. काका वरच्या मजल्यावर, खाली ओळीनं पाच खोल्या होत्या. जो ज्या खोलीत, तो त्या नंबरचा. मी 'तीन नंबर'. आमचे हे 'तीन नंबर साहेब'. मुलगी 'तीन नंबर धाकटी'. सुरुवातीला मला ते बरं वाटलं नाही. मग एवढी सवय झाली की माहेरी कुणी नावानं हाक मारली तर मी मागं वळून बघायची, कुणाला बोलावतात म्हणून.

काका वाळूजच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. शर्टाच्या खिशात कायम व्हर्निअर. म्हणजे मोजायची पोलादी पट्टी, तिच्या चिमट्यात वस्तू धरली की केसाएवढा फरकसुद्धा कळतो. दुसऱ्या खिशात कंपनीतला पिवळा मेणखडू. मापात असलेल्या वस्तूवर ते बरोबरची खूण करत. सुधारण्यासारखी असली तर 'रिवर्क' लिहीत. कामातून गेलेली असली तर फुली मारत. आमच्या चाळीत असं एकही दार, नळ, बादली नव्हती जिच्यावर पिवळं काही लिहिलेलं नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खिळ्यालासुद्धा 'डावा खिळा खाली' असं लिहिलं होतं आणि ते खरं होतं. ओल्या साड्या सगळ्या डावीकडं सरकत.

एका वर्षी गणपती आणायला ते आमच्या ह्यांना घेऊन गेले. बरोबर पाणसळ नेली. मूर्तीच्या डोळ्यांसमोर ती धरायची आणि आतला पाण्याचा बुडबुडा मध्ये आला का बघायचं. तीन मूर्ती त्यांनी परत ठेवल्या. मूर्तीवाला म्हणाला, "काका, देव हाय तो, खिडकी नाय."

काका म्हणाले, "म्हणूनच. खिडकी वाकडी चालेल."

चौथी मूर्ती पास झाली. तोवर मूर्तीवाल्यानंच आपल्या बाकीच्या मूर्तींचे डोळे तपासून मागितले, असं हे घरी येऊन सांगत होते.

त्यांच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'डोळा फसवतो, माप नाही.'

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दुपारचा डबा मी द्यायची, ज्वारीच्या दोन भाकरी आणि कालवण. मला मोठ्या माणसांशी बोलायला जमत नाही, तेव्हा तर अजिबातच नाही. म्हणून डबा जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवायचा आणि खाली यायचं, असं चाले. तासाभरानं रिकामा डबा त्याच पायरीवर. आणि झाकणावर पिवळ्या खडूनं भाकरीच्या जाडीचा निकाल, मिलिमीटरमध्ये, 'मध्य ३, किनार ४. किनार जाड. रिवर्क.' रोज. कधी 'मीठ पास', कधी 'वांगं पास', पण भाकरी पास कधीच नाही. मी राखेनं झाकण घासून टाकायची. आमचे हे हसायचे. "तुझी भाकर कंपनीत असती तर कंपनी बंद पडली असती," म्हणायचे. काका पहिल्या आठवड्यात असं लिहिते तर मी डबा बंद केला असता. पण हळूहळू मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं होतं, झाकणावर काही नसलं की.

कासव आणलं ते त्यांच्या पुतण्यानं. तो शहरात राहतो. काकांच्या एकसष्टीला की पासष्टीला आला आणि खोक्यातून हे काढून ठेवलं. घरात कासव असलं की बरकत येते, म्हणाला. मासे विकणाऱ्या दुकानातून घेतलेलं. दुकानदारानं सांगितलं होतं, पाण्यात ठेवा, माशांचे दाणे टाका. बस.

काका कुणाच्या सांगण्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी तपासणी केली. बादलीभर पाणी घेतलं, कासव सोडलं. ते तरंगलं आणि पाय मारायला लागलं. काकांनी ते उचललं, पाठ पुसली आणि पाठीवर पिवळी बरोबरची खूण केली. "तरंगतंय. पाण्याचा जॉब आहे. पास." त्यांच्या भाषेत तपासायला आलेली प्रत्येक वस्तू जॉब. कासवाचं नावच जॉब पडलं.

गच्चीवर सिमेंटचा लहान हौद होता, तो भरून जॉबला त्यात ठेवलं. आम्हा कुणालाच त्यात चूक दिसली नाही. दिसणार कशी? चार नंबरच्या घरी दारातच ताटलीत पाणी घालून पितळेचं कासव ठेवलेलं होतं. देवळातलं दगडी कासव आपण धुतो, त्याच्यावर पाणी ओततो. कासव म्हटलं की पाणी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. एक नंबरच्या आजी रोज सकाळी गच्चीवर जाऊन हौदाला हळद-कुंकू लावायच्या आणि दुधात भिजवलेली पोळी सोडायच्या. "लई गुणाचं हाय बाई," म्हणायच्या. "आवाज नाय, काय नाय."

मी वाळवण घालायला गच्चीवर जायची. वाळवण राहायचं बाजूला, मी त्याच्याकडं बघत बसायची. ते हौदाच्या भिंतीला पुढचे पाय लावून उभं राहायचा प्रयत्न करी. घसरे. परत लावी. दिवसभर तेच. पंधरा दिवसांनी त्याचे डोळे सुजले. नाकातून बुडबुडे यायला लागले. दाण्यांना ते तोंड लावत नव्हतं. काका म्हणत होते, पाणी बदलून बघू. रोज पाणी बदलत होते, पाण्याचं माप घेत होते, हौद घासत होते. जेवढी जास्त काळजी घेत तेवढं ते बुडत चाललेलं.

माझे वडील पाचोडकडं विहिरीतला गाळ काढायला जात. गाळाबरोबर कासवं वर यायची. मी काठावर बसून बघायची. ती चपटी असायची, पाठ मऊ चामड्यासारखी, मान लांब, आणि बोटांमध्ये बदकासारखा पडदा. वडील ती गाळ काढून झाला की परत विहिरीत सोडायचे. ह्या जॉबची पाठ मात्र धान्याच्या राशीसारखी उंच होती. काळी, आणि प्रत्येक फुगवट्यावर मधून पिवळ्या रेघा निघालेल्या, लहान मूल सूर्य काढतं तशा. आणि पाय? पडदा नाहीच. गोल खांबासारखे पाय, पुढं जाड नखं. हत्तीचे पाय लहान करून लावावेत तसे.

असल्या पायांनी कुणी पोहत नाही, हे मला दिसत होतं. पण जाऊन सांगणार कोण? काकांनी पास केलेल्या वस्तूला चाळीत कुणी नापास म्हणत नसे. आणि मी चौथी शिकलेली. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना."

हे म्हणाले, "मी नाय बाबा. मला गेल्या महिन्यात माझ्याच चपलेवर रिवर्क लिहून मिळालंय."

दोन दिवस मी नुसतीच तगमगले. तिसऱ्या दिवशी कासवानं मान आत घेतली ती बाहेर काढेना. मी खाली आले. काकांचा पडलेला खडूचा तुकडा मला एकदा जिन्यात सापडला होता, तो मी देवघरात ठेवला होता. डबा भरला, झाकण लावलं आणि झाकणावर लिहिलं, 'कासवाचे पाय बघा.' माझं अक्षर मोठं आणि वाकडं. डबा पायरीवर ठेवला आणि घरात येऊन कडी लावून बसले.

पाच मिनिटांत दार वाजलं. काका उभे. एका हातात टॉवेलात गुंडाळलेला जॉब, दुसऱ्या हातात व्हर्निअर.

"तीन नंबर, तुम्ही हरकत घेतलीय. हरकत घेतली की पुरावा द्यावा लागतो. दाखवा."

मी नुसतं बोट केलं पायाकडं. ते म्हणाले, "बोटानं नाही. तोंडानं."

मग मी सांगितलं. विहिरीचं, पडद्याचं, चपट्या पाठीचं. मान खाली घालूनच सांगितलं, पण सगळं सांगितलं. "हे पाण्यातलं नाही काका. हे चालायचं कासव आहे. ते पोहत नव्हतं, बाहेर यायला बघत होतं."

काकांनी व्हर्निअर पायाला लावलं. मग बोटांच्या मध्ये लावायला गेले, तर मध्ये काही नव्हतंच लावायला. त्यांनी व्हर्निअर मिटून खिशात ठेवलं. म्हणाले, "मी तरंगतं का तेवढंच बघितलं. एकाच मापावर पास केलं. ह्याच्यासाठी मी शिकाऊ पोरांना फाडून खायचो."

ते तडक रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरांकडं गेले आणि मलाही चला म्हणाले. "हरकत तुमची आहे. तुम्ही लागणार." मी धाकटीला घेऊन गेले. रिक्षात काका सारखे टॉवेलाच्या घडीतून आत बघत होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कासव उलट न करता अलगद उचलून खालून बघितलं आणि म्हणाले, "हे तारा कासव. पाठीवर चांदण्या आहेत बघा. जमिनीवरचं आहे, कोरड्या गवताळ रानातलं. ह्याला पाण्यात कुणी ठेवलं?"

"मी," काका म्हणाले.

"ह्याच्या छातीत सर्दी उतरलीय. अजून चार दिवस असतं तर गेलं असतं." मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. हे कासव घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे. विकणंही गुन्हा, ठेवणंही गुन्हा. त्यांनी आमच्यासमोरच वनखात्यात फोन लावला. तिकडून सांगितलं की औषध पुरं होऊ द्या, बरं झालं की लगेच आणून द्या. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, नाक कोरडं झालं आणि वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या वर गेलं की द्यायचं. त्या दिवशी ते साडेपाचशे भरलं.

घरी आल्यावर काकांनी कंपनीतली लाल चिठ्ठी शोधून काढली. खराब मालाला बांधतात ती. तिच्यावर लिहिलं, 'कारण: एकाच मापावर पास केले.' आणि ती स्वतःच्या शर्टाच्या बटणाला बांधली. आठ दिवस तशीच. दूधवाल्यानं विचारलं, "काका, हे काय, लग्नाला चाललात का?" काका म्हणाले, "रिजेक्ट आहे मी. दूध ठेवा."

पुढचे दोन महिने आमच्या गच्चीची कंपनी झाली. हौद रिकामा केला. विटांचा वाफा घातला, त्यात माती आणि वाळू, अर्ध्यावर ऊन अर्ध्यावर सावली. सावलीला एक फुटका माठ आडवा ठेवला, जॉब त्यात झोपे. पाणी फक्त उथळ ताटलीत, ते पाय बुडेल एवढंच. किती खोल, हे अर्थातच व्हर्निअरनं ठरलं. दूध बंद, पोळी बंद, माशांचे दाणे बंद. डॉक्टरांनी हिरवा पाला आणि गवत सांगितलं होतं. ते माझं काम. मी हरळी खुडून आणायची, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, निवडुंगाचं पान काटे काढून. हाडाच्या बळकटीसाठी समुद्रफेस, पांढरा हलका तुकडा असतो तो, जडीबुटीच्या दुकानात मिळाला. जॉब तो कुरतडायचा तेव्हा खडू खाल्ल्यासारखा आवाज यायचा. काका खूश होऊन बघायचे. "माझ्याच खात्यातला आहे," म्हणायचे.

एक नंबरच्या आजींना समजावणं अवघड गेलं. "देवाला दूध नाय चालत?" त्या म्हणाल्या.

"देवाला चालतं. ह्याचं पोट बिघडतं," काका म्हणाले.

"तुमच्यापेक्षा मी जास्त कासवं बघितलीत."

"कुठली?"

"देवळातली."

"ती दगडाची होती, आजी."

"म्हणून तर टिकली," आजी म्हणाल्या आणि रागानं खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र जास्वंदीची पाच फुलं घेऊन आल्या. हळद-कुंकू वाफ्याच्या विटेला लावलं. ते काकांनी चालू दिलं.

सगळ्यात मजा रविवारी. त्या दिवशी वजन. मी कासव काट्यावर ठेवायची, काका लांब उभे राहून वहीत लिहायचे. काटा मी वाचायचा, कारण हरकत घेणाऱ्यानं तपासावं असा त्यांचा नियम. मी मोठ्यानं आकडा म्हणायची. आधी पुटपुटायची, तर ते म्हणायचे, "ऐकू आलं नाही. परत." तिसऱ्या रविवारी माझा आवाज खालच्या पाच नंबरला ऐकू गेला. पाचशे साठ. पाचशे नव्वद. सहाशे दहा. नाक कोरडं झालं होतं. डोळे उघडले होते. ते वाफ्यात लष्करातल्यासारखं ठाम चाले, वाटेत वीट आली तर विटेला ढकली. काका संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसत. कंपनीतल्या गोष्टी त्याला सांगत. माणसांना त्यांनी त्या कधी सांगितल्या नव्हत्या.

मग एका रविवारी काटा सहाशे चाळीसवर थांबला. मी म्हटलं, "सहाशे चाळीस."

काका वहीत बघत होते. वर न बघता म्हणाले, "हं."

मी वाळवण गोळा करताना वही उघडी पडलेली होती. तिच्यात लिहिलं होतं, सहाशे दहा.

आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. पण मी तर ओरडूनच सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मी म्हटलं, "सहाशे पंचेचाळीस." वहीत आलं, सहाशे पंधरा. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बटणाशी चाळा करत म्हणाले, "अजून मापात नाही. थोडं राहिलंय."

ज्या माणसानं आयुष्यात देवाच्या डोळ्यांतसुद्धा सूट दिली नाही, तो खोटा आकडा लिहीत होता. का, ते मला कळत होतं. गच्चीवरची ती खुर्ची मी रोज बघत होते. मी ह्यांना सांगितलं. हे पहिल्यांदाच हसले नाहीत. म्हणाले, "राहू दे ना. म्हातारा माणूस. कोण बघायला येतंय?"

पण मला ते कासव भिंतीला पाय लावून उभं राहिलेलं आठवत होतं. वाफा कितीही चांगला केला तरी विटेला ते अजून ढकलतच होतं. आणि दुसरंही होतं. काकांची ती वही. पस्तीस वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नाही, असं ते अभिमानानं सांगत. तेच आता वहीत खोटं लिहीत होते, आणि खरा आकडा माहीत असलेली मी एकटी.

सोमवारी मी डबा भरला. खडू घेतला. चारदा पुसलं. शेवटी लिहिलं, 'काल काटा सहाशे पंचेचाळीस होता.'

डबा परत आला तेव्हा झाकण पुसलेलं होतं. काहीच नाही. मी दिवसभर कानोसा घेत होते. गच्चीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. वाटलं, आता खोली रिकामी करायला सांगतात.

मंगळवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. त्या शर्टाच्या बटणाला पुन्हा लाल चिठ्ठी होती. हातात खोकं, खोक्याला भोकं पाडलेली, सगळी एका मापाची. "तीन नंबर," ते म्हणाले, "रिक्षा बोलवा. माल मापात आहे. पोचवायला उशीर झालाय."

वनखात्याच्या ऑफिसात एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी जॉबला हातात घेतलं, डोळे बघितले, पाठ बघितली. "छान ठेवलंय हो," म्हणाल्या. काकांनी वही पुढं केली. दोन ठिकाणी आकडे खोडून खरे लिहिलेले होते, आणि शेजारी सही. बाईंनी ते विचारलं नाही. काकांनीच सांगितलं. "हे दोन मी चुकीचे लिहिले होते. मुद्दाम."

बाई म्हणाल्या, "दुरुस्त केलेत ना. झालं."

काकांनी मग शंभर प्रश्न विचारले. कुठं ठेवणार, माती कुठली, सावली किती. बाईंनी सगळी उत्तरं दिली. अशी आणखी कासवं एका केंद्रात आहेत, तिथं जाईल, आणि तब्येत चांगली राहिली तर त्याच्या मूळच्या रानात सोडतील. मग त्यांनी फॉर्म भरायला घेतला. "कासवाची ओळख पहिल्यांदा कुणी पटवली?"

"तीन नंबर," काका म्हणाले.

"नाव?"

काका माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांनी ते विचारलंच नव्हतं. मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या गावासकट, आणि ऐकू येईल असं. बाईंनी ते लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "नाव बरं आहे तुमचं. उगाच लांब नाही." पुढच्या दिवसापासून ते परत तीन नंबरच म्हणायला लागले, तो भाग वेगळा.

त्यानंतर पाच-सहा दिवस डब्याच्या झाकणावर काही आलं नाही. ना मीठ, ना वांगं. भाकरी संपलेली असे, पण मोजल्याची खूण नाही. मी किनार मुद्दाम जाड ठेवून बघितली. तरी काही नाही. गच्चीवर गेले तर वाफा तसाच, माठ तसाच, खुर्ची भिंतीकडं तोंड करून. दारावरच्या 'डोळा फसवतो, माप नाही' ह्या ओळीपुढं मात्र त्यांनी बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'माप कुठं लावायचं ते आधी बघावं.' आजी खालून ओरडून विचारत होत्या, "आता ह्या फुलांचं काय करू?" मग आजींनी ती फुलं त्यांच्याच दाराला लावली आणि विटेचं हळद-कुंकूही त्यांच्या उंबऱ्याला लावून आल्या.

सातव्या दिवशी मी डबा उचलायला गेले. झाकण लांबूनच पिवळं दिसलं. मी पायरीवर बसून वाचलं.

'मध्य ३, किनार ४. किनार जाड. रिवर्क.'

मी तिथंच हसत सुटले. चार नंबर बाहेर आली, काय झालं म्हणून. मी घरात गेले, देवघरातला खडू काढला आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'तीन आणि तीनच आहे. तुमचं व्हर्निअर तपासून घ्या.' आणि रिकामा डबा परत त्याच पायरीवर ठेवून आले.